मोठ्या विद्यापीठातील संशोधन, अध्यापन आणि कार्यालयीन पदे : शोधाची सुरुवात कुठून करावी?

पर्णरंध्र यांचा प्रश्न :

नमस्कार. वनस्पतींच्या शरीरक्रियाशास्त्रातील माझा पीएच.डी.चा प्रबंध येत्या काही महिन्यांत सादर होईल. पुढे एखाद्या मोठ्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून (पीएच.डी.नंतरचा मुदतीवरचा संशोधक म्हणून) काम करावे आणि जमल्यास थोडे अध्यापनही करावे, असा विचार आहे. माझे पती लेखापाल आहेत. त्यांच्या गाठीशी बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे आणि विद्यापीठाच्याच लेखा विभागात किंवा तत्सम कार्यालयात काम मिळाले, तर नोकरी बदलायची त्यांची तयारी आहे. देश कोणता असावा याबद्दल आमचा आग्रह नाही. दोघांना एकाच शहरात राहता यावे, एवढीच अट आहे.

अडचण अशी आहे की मोठ्या विद्यापीठांच्या संकेतस्थळावर रिक्त पदांचे पान उघडले की शेकडो जाहिराती समोर येतात. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, ग्रंथालय सहायक, प्राध्यापक, वसतिगृहाचे व्यवस्थापक असे सगळे एकाच यादीत असतात. उलट, माझ्या विषयातील ज्या प्रयोगशाळांमध्ये नवे लोक रुजू झाल्याचे परिषदांमध्ये कानावर येते, त्या जागांची जाहिरात त्या यादीत मला एकदाही दिसलेली नाही. त्या जागा भरतात तरी कशा? प्राध्यापकांना थेट मेल पाठवावा का, की ते आगाऊपणाचे ठरते? अध्यापनाच्या पदांसाठी वेगळी पात्रता लागते का? आणि ज्याने विद्यापीठात कधीच काम केलेले नाही, अशा माणसाला तिथल्या कार्यालयीन पदांसाठी कितपत वाव असतो? ज्यांनी ही भरती आतून पाहिली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रकल्पकक्ष यांचे उत्तर :

मी एका विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्प कक्षात काम करतो. ग्रँट, म्हणजे संशोधन प्रकल्पासाठीचे अनुदान, मंजूर झाल्यापासून तिचा शेवटचा हिशेब सादर होईपर्यंतचे सगळे कागद आमच्या टेबलावरून जातात. त्या अनुभवावरून सांगतो की पदाचे नाव पाहण्याआधी त्या पदाचा पगार कोणत्या पैशातून निघणार आहे, हे शोधून काढा. जाहिरात कुठे लागेल, किती दिवस राहील, निवडीचा शब्द कोणाचा असेल आणि नोकरी किती काळ टिकेल, हे सारे त्यावर ठरते.

काही पदांचा पगार विद्यापीठाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पातून निघतो. कायम प्राध्यापक, ग्रंथालय, परीक्षा विभाग, लेखा विभाग ही अशी पदे. त्यांची मंजुरी अनेक टेबलांवरून फिरत येते, त्यामुळे जाहिरात रीतसर निघते, अर्जाला पुरेशी मुदत असते आणि निवडही सावकाश होते. तुम्हाला संकेतस्थळावर दिसतात त्यांतली बरीच पदे या प्रकारची असतात.

दुसरा पैसा प्रकल्पाचा. एखाद्या प्राध्यापकाला तीन किंवा पाच वर्षांची ग्रँट मिळते, तिच्यात एका पोस्टडॉकचा आणि एखाद्या तंत्रज्ञाचा पगार धरलेला असतो, आणि ग्रँट सुरू झाल्याच्या दिवसापासून मुदत धावू लागते. माणूस उशिरा मिळाला तर ते महिने सहसा भरून मिळत नाहीत. म्हणून प्रकल्पप्रमुख घाईत असतो. ग्रँट मंजूर झाल्याची बातमी हाती येताच तो ओळखीच्या सहकाऱ्यांना विचारू लागतो, परिषदेत सांगतो आणि मगच एचआरकडे जाहिरातीचा मजकूर पाठवतो. पुष्कळ ठिकाणी जाहिरात देणे बंधनकारक असते, पण ती थोडेच दिवस राहते आणि तोवर योग्य माणसांपर्यंत बातमी पोहोचलेली असते. तुम्हाला न दिसलेल्या जागा बहुधा याच.

यावर उपाय आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात याचे मला नेहमी वाईट वाटते. अनुदान देणाऱ्या बहुतेक मोठ्या संस्था मंजूर प्रकल्पांची माहिती सर्वांसाठी खुली ठेवतात. अमेरिकेत एनआयएच (आरोग्य संशोधनाला अनुदान देणारी सरकारी संस्था) हिचे ‘रिपोर्टर’ आणि एनएसएफ (विज्ञान संशोधनाला अनुदान देणारी सरकारी संस्था) हिचा पुरस्कृत प्रकल्पांचा शोध, ब्रिटनमध्ये ‘गेटवे टू रिसर्च’, युरोपीय संघाचे ‘कॉर्डिस’, जर्मनीत डीएफजी या अनुदान संस्थेचे ‘गेप्रिस’ ही अशी ठिकाणे आहेत. तुमच्या विषयासाठी तिथे पर्णरंध्रे, दुष्काळ, पाण्याचा वापर असे शब्द इंग्रजीत टाकून पाहा आणि निकाल प्रकल्प सुरू होण्याच्या तारखेप्रमाणे लावा. नुकताच सुरू झालेला किंवा लवकरच सुरू होणारा प्रकल्प दिसला, तर तिथे माणसे हवी असण्याची शक्यता मोठी असते. प्रकल्पप्रमुखाचे नाव, विभाग, गोषवारा आणि बहुतेक ठिकाणी समाप्तीची तारीखही तिथेच मिळते. जाहिरात निघण्याआधी तुम्ही तो गोषवारा वाचलेला असेल, तर तुमचा मेल कुठल्याही ठरावीक मेलपेक्षा वेगळा वाचला जाईल.

तिसरा पैसा तुम्ही स्वतः आणता, म्हणजे फेलोशिप. युरोपातील मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिप, जर्मनीतील हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची फेलोशिप ही त्याची परिचित उदाहरणे. मारी क्युरी फेलोशिपच्या अर्जांची अंतिम तारीख साधारणपणे सप्टेंबरात येते. तिच्या नियमांत आतापर्यंत एक अट महत्त्वाची राहिली आहे : ज्या देशात जायचे, तिथे अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेले किंवा काम केलेले नसावे. यजमान प्राध्यापक आधी शोधावा लागतो आणि अर्ज त्याच्यासोबत लिहावा लागतो, म्हणून वसंत ऋतूतच बोलणी सुरू करा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एका नावाखाली चालणारे विद्यापीठ हा प्रत्येक वेळी एकच मालक असतो असे नाही. केंब्रिजमध्ये ३१ कॉलेजे आहेत आणि ती स्वतंत्र संस्था म्हणून आपापली माणसे नेमतात. त्यांच्या जाहिराती विद्यापीठाच्या मुख्य यादीत सापडतीलच असे नाही. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेशी जोडलेली रुग्णालये हार्वर्डच्या मालकीची नाहीत, त्यामुळे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील प्रयोगशाळेच्या जागा त्या रुग्णालयाच्या यादीत असतात. तेव्हा आवडलेल्या प्रत्येक विद्यापीठाभोवती कोणकोणत्या वेगळ्या संस्था आहेत, याची एक नोंद आधी करून ठेवा आणि प्रत्येकीच्या जाहिरातींची ईमेल सूचना वेगळी सुरू करा.

सूक्ष्मदर्शक यांचे उत्तर :

प्रकल्पकक्ष यांनी लिहिलेले योग्यच आहे. मी प्रयोगशाळा चालवते आणि निवड समित्यांवर बसले आहे, म्हणून मेल आणि अर्ज यांविषयी लिहिते.

मेल पाठवणे आगाऊपणाचे मुळीच नाही. मात्र एकच मजकूर नाव बदलून अनेकांना पाठवणे व्यर्थ आहे, आणि तो तसा पाठवला आहे हे पहिल्या ओळीत कळते. चांगला मेल छोटा असतो. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही काय मोजता, कशाने मोजता आणि त्यातून काय हाती आले हे यावे. तुमच्याच बाबतीत, ‘मी दुष्काळसहिष्णुतेवर काम करते’ एवढ्याने काही बोध होत नाही. कोणत्या पिकावर, वायूविनिमय मोजण्याच्या कोणत्या यंत्रावर, शेतात की नियंत्रित कक्षात, आणि विश्लेषणाचा कोड तुम्ही स्वतः लिहिला का, हे लिहिलेत तर मला लगेच कळते की माझ्या प्रकल्पातील कोणते काम तुम्ही पहिल्या आठवड्यापासून हाती घेऊ शकाल. नंतर त्यांच्या कामातील एखादा नेमका मुद्दा आणि त्यावरचा तुमचा प्रश्न. शेवटी तुम्ही कधीपासून उपलब्ध आहात आणि स्वतःची फेलोशिप मागायची तयारी आहे का. सोबत सीव्ही आणि तुमचा एक शोधनिबंध पुरे. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि मग तो विषय सोडून द्या.

जाहिरातींसाठी देशोदेशीची ठिकाणे वेगवेगळी आहेत. ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाने १९९८ मध्ये सुरू केलेले ‘जॉब्ज डॉट एसी डॉट यूके’, युरोपभर ‘युरॅक्सेस’, नेदरलँड्समध्ये ‘अकॅडेमिक ट्रान्सफर’, जपानमध्ये ‘जेरेक-इन’, अमेरिकेत ‘हायर-एड जॉब्ज’ आणि गणितासाठी ‘मॅथजॉब्ज’. अमेरिकेतील टेन्युअर ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापक) पदांच्या जाहिराती मुख्यतः ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात निघतात आणि नेमणूक पुढच्या वर्षीच्या शरद सत्रासाठी असते. जैवविज्ञानातील पोस्टडॉकच्या जागांना असा ऋतू नाही. त्या वर्षभर निघत राहतात.

आता एक कटू पण उपयोगी गोष्ट. काही जाहिराती ठरलेल्या माणसासाठीच असतात. अर्जाची मुदत अगदी थोडी, अटींमध्ये एखादी तंतोतंत जोडी (अमुक प्रजाती आणि अमुक दुर्मीळ तंत्र), आणि चौकशी केली असता त्रोटक उत्तर, अशी चिन्हे एकत्र दिसली तर त्या अर्जावर आठवडा घालवू नका. पण केवळ शंकेवरून अर्ज करणेच सोडू नका, कारण ठरलेला माणूस ऐन वेळी दुसरीकडे जातो हेही मी पाहिले आहे, आणि तेव्हा समिती दुसऱ्या क्रमांकाच्या अर्जाकडे वळते.

ज्यांना निवड कशी होते हे प्रत्यक्ष वाचायचे आहे, त्यांच्यासाठी स्वीडन हा उत्तम धडा आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांना कागदपत्रे खुली ठेवण्याचा कायदा लागू होतो, त्यामुळे अर्ज सार्वजनिक दस्तऐवज ठरतात आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी अर्जदारांविषयी दिलेले अहवाल मागवून वाचता येतात. अध्यापकपदावरील नेमणुकीविरुद्ध वेगळ्या अपील मंडळाकडे दादही मागता येते. असे दोन-तीन अहवाल वाचले की ‘स्वतंत्र संशोधनक्षमता’ या शब्दांचा समित्या काय अर्थ लावतात, ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा स्पष्ट कळते.

पर्णरंध्र :

दोघांचेही मनापासून आभार. मंजूर प्रकल्पांची माहिती अशी खुली असते, हे मला माहीतच नव्हते. अध्यापनाची पात्रता आणि कार्यालयीन पदे यांविषयी कोणी लिहील का? माझ्या पतींचा समज असा आहे की विद्यापीठाच्या कार्यालयात आतल्याच माणसांना घेतात.

जमाखर्च यांचे उत्तर :

त्यांचा समज अर्धा खरा आहे. पुष्कळ मोठ्या विद्यापीठांत, विशेषतः ब्रिटनमध्ये, ज्या कर्मचाऱ्यांचे पद संपुष्टात येणार असते त्यांची एक यादी असते आणि नव्या पदासाठी त्या यादीतील योग्य व्यक्तींचा विचार आधी करावा लागतो. काही पदे फक्त अंतर्गत उमेदवारांसाठीच जाहीर होतात. तरीही बाहेरून येणाऱ्यांसाठी दारे भरपूर आहेत, आणि लेखापालासाठी तर माझ्या मते सर्वांत रुंद दार ग्रँटच्या हिशेबाचे आहे.

यात काम काय असते ते सांगतो. प्रकल्पाचा प्रत्येक खर्च देणाऱ्या संस्थेच्या नियमांत बसतो का हे पाहायचे, संशोधकांच्या कामाच्या तासांच्या नोंदी जुळवायच्या, अहवाल वेळेत पाठवायचे आणि ऑडिटच्या वेळी प्रत्येक आकड्यामागचा कागद पुढे करायचा. युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमात अप्रत्यक्ष खर्च (इमारत, वीज, कार्यालय यांसारखा, थेट एका प्रकल्पाच्या नावे न टाकता येणारा खर्च) सरसकट २५ टक्के दराने धरतात. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठ सरकारशी बोलणी करून आपला दर ठरवून घेते आणि खर्चाची ग्राह्यता ‘युनिफॉर्म गाइडन्स’ या नियमावलीप्रमाणे तपासतात. ज्याने खासगी कंपनीत खर्चाचे वर्गीकरण, व्हाउचर आणि ऑडिट सांभाळले आहे, त्याला हे नियम शिकायला अडचण येत नाही. या क्षेत्रातील लोकांच्या संघटनाही आहेत. अमेरिकेतील ‘एनक्युरा’ १९५९ पासून काम करते आणि ब्रिटनमध्ये ‘आर्मा’ आहे. त्यांच्या जाहिराती वाचल्या की या कामाची भाषा आणि पदांची नावे ओळखीची होतात, आणि ती ओळख महत्त्वाची आहे. कारण ‘लेखापाल’ एवढाच शब्द शोधल्यास यांतील निम्मी पदे दिसत नाहीत.

अर्जाची छाननी कशी होते हे कळले तर अर्ज लिहिण्याची पद्धतच बदलते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे जाहिरातीसोबत निकषांची यादी देतात. त्यात आवश्यक आणि इष्ट असे दोन भाग असतात. समितीसमोर एक तक्ता असतो. डावीकडे अर्जदार, वर निकष, आणि प्रत्येक चौकोनात गुण. आवश्यक निकषाच्या चौकोनात पुरावा सापडला नाही तर गुण शून्य, मग तो माणूस कितीही अनुभवी असो. समजा निकष आहे ‘एकाच वेळी अनेक अंतिम मुदती सांभाळण्याची क्षमता’. ‘मी वेळेचे नियोजन उत्तम करतो’ हे वाक्य त्या चौकोनात काहीच टाकत नाही. ‘वर्षअखेरीस चार शाखांचे ताळेबंद एकाच आठवड्यात बंद करायचे असताना मी शाखानिहाय कामाचे वेळापत्रक आखले, थकीत पावत्यांचा पाठपुरावा दोन सहकाऱ्यांकडे सोपवला आणि चारही ताळेबंद मुदतीत ऑडिटरकडे दिले’ हे वाक्य तो चौकोन भरते. अर्जासोबतच्या पत्रात निकषांचा क्रम तसाच ठेवा, त्यांचेच शब्द वापरा आणि प्रत्येकाखाली असा एक प्रसंग द्या. समितीला शोधायला लावू नका.

बाहेरच्या माणसासाठी तात्पुरत्या कामाचा मार्गही चांगला आहे. मोठ्या विद्यापीठांपैकी काहींची स्वतःची हंगामी कर्मचारी सेवा असते. प्रसूती रजा, प्रवेशाचा हंगाम, वर्षअखेरीचे हिशेब यांसाठी ते माणसे घेतात. तिथे काही महिने काम केले की अंतर्गत पदांनाही अर्ज करता येतो की नाही, हे त्या विद्यापीठाच्या नियमांत पाहून घ्यावे. आणि अर्जाची शेवटची तारीख गाठायची म्हणून थांबू नका. ‘पुरेसे अर्ज आल्यास मुदतीपूर्वी जाहिरात बंद करण्यात येईल’ अशी ओळ अनेक जाहिरातींच्या तळाशी असते आणि ती खरोखर अमलात येते.

पर्णरंध्र, कार्यालयीन पद आणि संशोधन यांच्या मधला एक पट्टा तुमच्याही नजरेत असू द्या. सामायिक उपकरण केंद्रांचे व्यवस्थापक, स्टाफ सायंटिस्ट, हरितगृहाचे तांत्रिक प्रमुख, तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयातील अधिकारी ही पदे पीएच.डी.धारकांना साजेशी असतात, पण अनेक जण ती फिल्टरमध्येच गाळून टाकतात. ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ (संशोधनासाठी लागणारे सॉफ्टवेअर लिहिणारा) हे पदनाम २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये रूढ होऊ लागले. आज कित्येक विद्यापीठांत त्यांचे स्वतंत्र गट आहेत. तुम्ही विश्लेषणाचा कोड लिहीत असाल तर ही पदेही पाहा.

तासिका यांचे उत्तर :

अध्यापनाविषयी. काही देशांत विद्यापीठाकडे अर्ज करण्याआधी राष्ट्रीय पातळीवरची पात्रता हाती असावी लागते, आणि ती वेळेत मिळवली नाही तर उत्तम संशोधकाचा अर्जही बाद होतो. फ्रान्समध्ये ‘मेत्र द कॉन्फेरांस’ या कायम अध्यापक-संशोधक पदाच्या स्पर्धेत उतरण्यासाठी साधारणपणे राष्ट्रीय विद्यापीठ परिषदेकडून पात्र ठरवून घ्यावे लागते आणि त्या प्रक्रियेचे स्वतःचे वार्षिक वेळापत्रक असते. स्पेनमध्ये कायम प्राध्यापकपदांसाठी साधारणपणे ‘अनेका’ किंवा तत्सम संस्थेची मान्यता लागते. भारतात यूजीसीच्या सुधारित नियमांनुसार १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशी राष्ट्रीय चाळणी नाही. तिथे विभागाची समितीच सर्व काही पाहते आणि म्हणून अध्यापनाचा पुरावा तुम्हालाच जमवावा लागतो. पीएच.डी. चालू असतानाच एखाद्या प्रात्यक्षिक वर्गाची पूर्ण जबाबदारी मागून घ्या आणि तिचा अभ्यासक्रम, मूल्यमापनाचे निकष आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय जपून ठेवा.

तासांवर किंवा सत्रापुरत्या मिळणाऱ्या अध्यापनाच्या कामाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. असे काम अनुभवासाठी घ्यावे, पण सही करण्यापूर्वी लेखी विचारावे की मानधनात फक्त वर्गातील तास धरले आहेत, की तयारी, उत्तरपत्रिका तपासणे आणि विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर दिलेला वेळही धरला आहे. उत्तर ‘फक्त वर्गातील तास’ असे असेल, तर प्रत्यक्ष मिळणारा तासाचा दर कागदावरच्या दराच्या निम्म्याहूनही खाली जाऊ शकतो. नवा विषय पहिल्यांदा शिकवताना एका व्याख्यानाच्या तयारीला किती वेळ जातो, हे ज्याने शिकवले आहे त्याला वेगळे सांगायला नको. पोस्टडॉकच्या करारात अध्यापनाची मुभा आहे का, हेही आधी पाहा; काही ग्रँटमधून पगार घेणाऱ्याला दुसरे सशुल्क काम करण्यावर मर्यादा असते.

प्रकल्पकक्ष :

दोघांना एकाच ठिकाणी नोकरी हवी आहे, त्याबद्दल राहून गेले. अमेरिकेत ‘हर्क’ या विद्यापीठांच्या संघाच्या पोर्टलवर दोन व्यक्तींसाठी एकाच परिसरातील जागा एकत्र शोधता येतात. अनेक विद्यापीठांत जोडीदाराच्या नोकरीसाठी मदत करणारे कार्यालय असते. मात्र ही मदत मुख्यतः प्राध्यापक पदांसाठी असते, पोस्टडॉकसाठी ती मिळेलच असे धरून चालू नये. म्हणून तुमच्या बाबतीत क्रम उलटा ठेवून पाहा : ज्या शहरांत मोठे विद्यापीठ, त्याचे रुग्णालय आणि एक-दोन संशोधन संस्था एकत्र आहेत, ती शहरे आधी निवडा, म्हणजे लेखा विभागातील जागांचे पर्याय आपोआप वाढतात.

विद्यापीठाची सध्याची आर्थिक स्थितीही तपासा. कार्यालयीन पदांचा बराच खर्च ग्रँटमधील अप्रत्यक्ष खर्चाच्या वाट्यातून निघतो, त्यामुळे अनुदान आटले की आधी ती पदे थांबतात. २०२५ च्या सुरुवातीला हार्वर्ड, स्टॅनफर्ड आणि एमआयटी यांनी नवी भरती थांबवल्याचे किंवा मर्यादित केल्याचे जाहीर केले होते. अशा वेळी संकेतस्थळावर जुन्या जाहिराती तशाच दिसत राहतात. मुलाखतीचा प्रवास ठरवण्याआधी ‘हे पद मंजूर आणि निधीसह आहे ना?’ असे सरळ विचारावे. त्यात संकोच नको.

सूक्ष्मदर्शक :

जोडीदाराचा विषय पहिल्याच मेलमध्ये काढू नका, एवढीच माझी भर. लेखी प्रस्ताव हाती आला की मग मोकळेपणाने बोला. त्या वेळी समितीने तुम्हाला निवडलेले असते आणि तुम्हाला आणण्यासाठी विभाग चार ठिकाणी फोन करायला तयार असतो.

पर्णरंध्र :

सर्वांचे आभार. आम्ही शहरांची यादी करायला घेतली आहे. एक शेवटची शंका. जर्मनीतील एका पोस्टडॉक पदाच्या जाहिरातीत ‘ई-१३, १०० टक्के, दोन वर्षे, मुदतवाढीची शक्यता’ असे लिहिले आहे. या मुदतवाढीच्या शब्दांवर कितपत भरवसा ठेवावा?

प्रकल्पकक्ष :

ई-१३ ही राज्यांच्या वेतनकरारातील श्रेणी आहे आणि १०० टक्के म्हणजे पूर्णवेळ. पीएच.डी.च्या जागांना ५०, ६५ किंवा ७५ टक्के असेही लिहिलेले असते. तिथे पगारही त्याच प्रमाणात मिळतो. तुमच्या पदाला तो प्रश्न नाही.

मुदतवाढीसाठी दोन गोष्टी विचारा. पहिली, प्रकल्प कोणता आणि तो कधी संपतो. डीएफजीचा असेल तर तो कधी सुरू झाला हे ‘गेप्रिस’वर स्वतःही पाहता येईल. प्रकल्प तीन वर्षांचा असून त्यातले एक वर्ष उलटून गेले असेल, तर दोन वर्षांनंतरच्या मुदतवाढीसाठी पैसा अजून यायचा आहे, असा त्याचा अर्थ. दुसरी, करार कोणत्या आधारावर होणार आहे. तिथल्या २००७ च्या कायद्यानुसार संशोधकांना पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांपर्यंत मुदतीच्या करारावर ठेवता येते, आणि मूल असल्यास ही मर्यादा प्रत्येक मुलामागे दोन वर्षांनी वाढू शकते. याशिवाय बाह्य निधीच्या आधारावरही मुदतीचा करार करता येतो आणि तो ती सहा वर्षे संपल्यावरही होऊ शकतो. तुमचे पीएच.डी.नंतरचे घड्याळ नुकतेच सुरू होणार आहे, तेव्हा त्यांच्या बाजूने कायद्याची अडचण असणार नाही. अडचण आलीच तर ती निधीची असेल. म्हणून प्रकल्पप्रमुखांना मुलाखतीतच विचारा की पुढच्या निधीचा अर्ज त्यांनी केला आहे का, त्याचा निकाल केव्हा अपेक्षित आहे आणि त्या अर्जात तुमच्या पदाचा पगार धरलेला आहे का.